मदत हवी आहे: कोरियन नावांची यादी नीट दिसत नाही, उद्या बिल्ले छापायचेत

रांजणगावकर
मंडळी, घाईत आहे, थेट मुद्द्यावर येतो. आमच्या प्लांटवर कोरियाहून पाहुणे येतायत, चाळीसेक जण. तिकडच्या ऑफिसने नावांची यादी आणि फोटोंचं फोल्डर पाठवलंय. प्रत्येकाचा फोटो आणि खाली कोरियन नाव असा बिल्ला छापायचा आहे. यादी उघडली तर सगळा कचरा. आयटीवाला मेव्हण्याच्या लग्नाला गेलाय आणि फोन उचलत नाही. कोरियन नीट कसं दिसेल? लवकर सांगा.

खडूसकाका
यादी म्हणजे काय? एक्सेल, पीडीएफ, वर्ड, की कागदावर लिहून कबुतराच्या पायाला बांधून आली? उघडली म्हणजे कशात? कचरा म्हणजे चौकोन, प्रश्नचिन्हं की भलतीच अक्षरं? या तिन्हींचे आजार वेगळे आहेत. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणायचं नसतं.

मोगरा_फुलला
अय्या, कोरियन! सोप्पंय. कोरियन फॉन्ट टाका. मी टाकला तेव्हापासून माझ्या सगळ्या मालिकांची नावं मस्त दिसतात. मोबाइलवर कोरियन कीबोर्ड पण घ्या, अक्षरं फार गोड आहेत. आठवडाभरात वाचता येतं.

रांजणगावकर
मोगराताई, मला वाचायचं नाहीये, छापायचंय. फॉन्ट आहे. ज्या ईमेलमधून फाइल आली त्या ईमेलमधलं कोरियन व्यवस्थित दिसतंय.
काका, सीएसव्ही आहे, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल. डबल क्लिक केलं, एक्सेलमध्ये उघडली. चौकोन नाहीत. अपूर्णांक, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं असलं काहीतरी आहे. इथे पेस्ट केलं तर हा एडिटर गिळून टाकतोय. शहराच्या रकान्यात बहुतेक ओळींवर एकच शब्द आहे: पाव हा अपूर्णांक, मग उलटं प्रश्नचिन्ह, मग डोक्यावर दोन टिंबं असलेला आय.

बाइटवेडा
शहर सोल आहे. :)
गंमत नाही. कोरियन लिपीत सोल हा दोन अक्षरगटांचा शब्द. जुन्या कोरियन एन्कोडिंगमध्ये (म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या तक्त्यात) प्रत्येक गटाला दोन बाइट लागतात, म्हणून सोल म्हणजे षोडशमानात बीसी एडी, बीएफ ईएफ असे चार बाइट. तुमच्या विंडोजला ही फाइल कोरियन आहे हे कुणी सांगितलेलं नाही. तो आपला पाश्चिमात्य युरोपचा तक्ता काढून बसला. त्या तक्त्यात बीसी म्हणजे पाव, एडी म्हणजे बहुधा न दिसणारी संयोगरेषा, बीएफ म्हणजे उलटं प्रश्नचिन्ह आणि ईएफ म्हणजे दोन टिंबांचा आय. म्हणजे बाइट शाबूत आहेत, तक्ता चुकलाय.
डबल क्लिक करू नका. कोरं एक्सेल उघडा, डेटा या टॅबमध्ये जा, टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून आणा, आणि फाइल ओरिजिन विचारेल तिथे ९४९ कोरियन निवडा.

खडूसकाका
आणि एक. डबल क्लिक करून उघडल्यावर सेव्ह केलीत का?

रांजणगावकर
हो, सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून केली. नेटवर कुठेतरी लिहिलं होतं तसं करा म्हणून. का?

खडूसकाका
कारण आता ती टोपीवाली अक्षरंच अधिकृतपणे यूटीएफ-८ मध्ये लिहिली गेली. कचऱ्यावर सही-शिक्का. उलटं फिरवता येतं, पण त्या भानगडीत पडू नका. ईमेलमधून मूळ फाइल पुन्हा उतरवा आणि तिला हात लावायच्या आधी एक प्रत बाजूला काढा.

पेंग्विनभक्त
एक्सेल काढून फेका आधी. लिनक्सवर आयकॉन्व्ह नावाची आज्ञा आहे, एका ओळीत काम. फ्रॉम ईयूसी-केआर (जुनं कोरियन एन्कोडिंग), टू यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांचं). संपलं. विंडोजवाल्यांनी जगाचा वेळ किती खाल्लाय याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

रांजणगावकर
ऑफिसच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू? उद्या सकाळपर्यंत? आणि एक्सेल मला तसंही नकोय. भाच्याने पायथॉनची स्क्रिप्ट लिहून दिलीये. ती यादीतून नाव उचलते, त्या नावाचा फोटो फोल्डरमध्ये शोधते आणि बिल्ल्यात चिकटवते. यादी वाचताना एन्कोडिंग काय द्यायचं एवढंच सांगा.

खडूसकाका
पायथॉनची स्क्रिप्ट! हे पहिल्या प्रतिसादात सांगायला काय झालं होतं?

पेंग्विनभक्त
एन्कोडिंग ईयूसी-केआर. वर लिहिलंच आहे.

रांजणगावकर
मूळ फाइल पुन्हा उतरवली, ईयूसी-केआर दिलं. थोडी चालते, मग मध्येच मरते. ८सी हा बाइट वाचता येत नाही, बेकायदा मल्टिबाइट क्रम आहे असं म्हणते. बेकायदा! पाहुण्यांच्या यादीत!

बाइटवेडा
८सी च्या पुढचा बाइट ६३ आहे का? ती ओळ नोटपॅडमध्ये बघा. कचऱ्यात मध्येच एक स्वच्छ, धाकटा इंग्रजी सी दिसेल. तो कुठल्या रकान्यात आहे?

रांजणगावकर
आहे! 'जेवणाची आवड' या रकान्यात.

बाइटवेडा
मग कुणाला तरी थाई सूप हवंय. ८सी ६३ म्हणजे 'त्तोम'. तोम याम कोरियनमध्ये लिहिताना हाच पहिला गट लागतो, आणि ईयूसी-केआरमध्ये तो नाहीच.
ईयूसी-केआर ज्यावर उभं आहे त्या १९८७ च्या कोरियन प्रमाणात, म्हणजे केएस सी ५६०१ मध्ये (आता त्याला केएस एक्स १००१ म्हणतात), ९४ ओळी आणि ९४ रकाने आहेत, म्हणजे ८,८३६ घरं. त्यातली ४,८८८ हान्जाला, म्हणजे चिनी चित्राक्षरांना दिली. ९८६ चिन्हं, इतर लिप्या वगैरेंना. हंगुलच्या, म्हणजे कोरियन लिपीच्या वाट्याला २,३५०. आधुनिक हंगुलमध्ये होऊ शकणारे अक्षरगट आहेत ११,१७२. म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त बाहेरच राहिले. नेहमीच्या लिखाणाला २,३५० पुरतात, पण एखादं वेगळं नाव, बोलीतला शब्द किंवा परदेशी पदार्थ आला की अडलं.
पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या काळात उरलेले ८,८२२ गट मोकळ्या जागांमध्ये कोंबले. ते कोडपेज ९४९. तुमची फाइल त्यात आहे. एन्कोडिंगच्या जागी सीपी९४९ लिहा, चालेल.

पेंग्विनभक्त
दोन्ही एकच आहे हो. ब्राउझरला ईयूसी-केआर सांगितलं तरी तो 'त्तोम' नीट दाखवतो. उगाच विंडोजचं नाव मोठं करू नका.

बाइटवेडा
ब्राउझर दाखवतो कारण वेबच्या प्रमाणात ईयूसी-केआर या लेबलाखाली ९४९ चाच तक्ता वापरायचा असं ठरवलंय. लोक एक लिहितात आणि दुसरं वापरतात, म्हणून ती तडजोड. पायथॉन तडजोड करत नाही. तिथे दोन वेगळे कोडेक, म्हणजे वाचायचे तक्ते आहेत, आणि रांजणगावकरांची स्क्रिप्ट आत्ताच त्यावर पडली. आणखी काय पुरावा हवा?

पेंग्विनभक्त
म्हणजे चूक पायथॉनची.

सुवॉनची_सई
मी इथे दक्षिण कोरियात सुवॉनमध्ये आहे, म्हणून चार शब्द. अक्षरगट कसे साठवायचे हा वाद कोरियात ऐंशीच्या दशकात झाला आणि फार कडवट झाला. वानसंग म्हणजे तयार गट, जोहाप म्हणजे जुळणी. छापखान्यात जोडाक्षरांचे सगळे खिळे आधीच ओतून ठेवायचे, की सुटे तुकडे ठेवून लागेल तसं जुळवायचं, असा तो प्रश्न. जोहापमध्ये दोन बाइटांचे सोळा बिट असत. पहिला बिट 'हे हंगुल आहे' एवढं सांगायला, मग पाच आरंभीच्या व्यंजनाला, पाच स्वराला, पाच शेवटच्या व्यंजनाला. पाच बिटांत ३२ जागा येतात. हंगुलला लागतात अनुक्रमे १९, २१ आणि २८ (शेवटी व्यंजन नसणं हाही त्यातलाच एक पर्याय). म्हणजे सगळे ११,१७२ गट आरामात, वर जागा शिल्लक. १९८९ साली आलेला हंगुल हा वर्ड प्रोसेसर जोहापच वापरायचा आणि लोकांना तो प्रचंड आवडला. सरकारी प्रमाण मात्र वानसंग. १९९२ च्या सुधारणेत जोहापला परिशिष्टात जागा दिली, पण तोवर उशीर झाला होता.
माझं मत विचाराल तर ज्या लिपीची रचनाच जुळणीची, तिला तयार गटांत डांबणं हा करंटेपणा होता.

बाइटवेडा
करंटेपणा म्हणणं सोपं आहे. जोहापमध्ये दुसरा बाइट साध्या इंग्रजी अक्षरांच्या हद्दीत यायचा. त्या काळच्या निम्म्या प्रोग्रॅमांना तो अक्षराचा उत्तरार्ध आहे हे कळायचंच नाही. ईयूसी-केआरमध्ये कोरियन अक्षराचे दोन्ही बाइट ए१ किंवा त्याच्या वर असतात, गल्लत होत नाही. प्रमाण ठरवणारे मूर्ख नव्हते.

सुवॉनची_सई
आणि ९४९ मध्ये? 'त्तोम'चा दुसरा बाइट ६३, म्हणजे साधा सी, हे तूच वर लिहिलंस. जी सबब देऊन जोहाप नाकारला तोच दोष मागच्या दाराने आत आला.

बाइटवेडा
हे मान्य.

अण्णा_फडके
वा, वा. राजा सेजोंगने १४४३ मध्ये लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला त्या लिपीची सुट्टी असते. लिपीसाठी सुट्टी! आपल्याकडे मोडी वाचणारे शोधावे लागतात. माझ्याकडे आजोबांची मोडीतली कागदपत्रं आहेत, कुणी वाचून देईल का?

खडूसकाका
अण्णा, मोडीसाठी वेगळा धागा काढा. तिथे मीच येतो.

रांजणगावकर
सीपी९४९ ने यादी पूर्ण वाचली गेली. बाइटवेडा, धन्स!! पण आता जवळजवळ प्रत्येक नावापुढे 'फोटो सापडला नाही' येतंय. फोटो आहेत की फोल्डरमध्ये! नाव तेच आहे. सारखंच आहे. मी एकेक अक्षर लावून पाहिलंय.

खडूसकाका
फोटोंचं फोल्डर कुणी पाठवलं? यादी पाठवणाऱ्यानेच का?

रांजणगावकर
त्याने काय फरक पडतो? त्यांच्या डिझायनरने झिप करून पाठवलं.

बाइटवेडा
डिझायनर मॅकवर काम करतो का?

रांजणगावकर
मला कसं कळणार, मी काय त्याच्या टेबलाशी बसलोय? झिपमध्ये अंडरस्कोअर दोनदा आणि मॅकओएसएक्स असं नाव असलेलं एक रिकामटेकडं फोल्डर निघालं होतं, ते मी उडवलं.

बाइटवेडा
म्हणजे मॅक. फोल्डर उघडल्यावर फाइलींची नावं कशी दिसतात? अक्षरगट घट्ट चौकोनी आहेत की सुटे सुटे पसरलेत?

रांजणगावकर
सुटे सुटे. यादीत जिथे एक ठोकळा आहे तिथे फाइलच्या नावात तीन तुकडे ओळीने मांडलेत. मला वाटलं तो फॉन्टचा प्रश्न, म्हणून सांगितलं नाही.

मोगरा_फुलला
मी म्हटलंच होतं फॉन्ट!

बाइटवेडा
मोगराताई, नाही. :)
युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक तक्त्यात, एकच हंगुल गट दोन प्रकारे लिहिता येतो. एक, तयार गटाचा एकच कोड. दोन, आरंभीचं व्यंजन, स्वर आणि शेवटचं व्यंजन यांचे सुटे कोड, एकामागोमाग एक. पहिल्याला एनएफसी म्हणतात, दुसऱ्याला एनएफडी. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान आहेत. मॅकची जुनी फाइलव्यवस्था, एचएफएस प्लस, नावं फोडूनच साठवायची, आणि मॅकवरून निघालेल्या फाइलींना ही सवय अजून आहे. विंडोज जसं नाव मिळेल तसं ठेवतो. आणि पायथॉन तुलना करताना कोड बघतो, रूप बघत नाही. त्याच्या लेखी हंगुल हा शब्द एकीकडे दोन कोडांचा आणि दुसरीकडे सहा कोडांचा. जुळणार कसा?
उपाय: युनिकोडडेटा या मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइज नावाचं फंक्शन आहे. यादीतलं नाव आणि फाइलचं नाव, दोन्हींना तुलनेआधी एनएफसी करून घ्या.
फक्त एक काळजी. फाइल उघडताना मात्र मूळ, फोडलेलंच नाव द्यावं लागेल, कारण डिस्कवर तेच आहे. म्हणून फोल्डरमधली नावं एकदा वाचून डिक्शनरी करा: किल्ली म्हणून एनएफसी केलेलं नाव, आणि त्यासमोर मूळ नाव.

रांजणगावकर
एवढ्या तुकड्यांची जुळणी कॉम्प्युटर कुठल्या तक्त्यात बघून करतो? भाचा विचारतोय. तो आता यात रमलाय आणि माझे बिल्ले राहिलेत.

बाइटवेडा
भाच्याला सांगा, तक्ता नाहीच, गणित आहे. आरंभीच्या व्यंजनाचा क्रमांक गुणिले २१, त्यात स्वराचा क्रमांक मिळवा, आलेल्याला २८ ने गुणा, शेवटच्या व्यंजनाचा क्रमांक मिळवा आणि वर ४४०३२. मोजणी शून्यापासून. आपल्या 'त्तोम'चंच घ्या: त्त म्हणजे ४, ओ म्हणजे ८, शेवटचा म म्हणजे १६. चार एकवीस चौऱ्याऐंशी, अधिक ८, झाले ९२. गुणिले २८, २,५७६. अधिक १६, २,५९२. अधिक ४४०३२, उत्तर ४६६२४. षोडशमानात बी६२०. युनिकोडच्या तक्त्यात काढून बघू दे, तिथे तोच गट बसलेला असेल.
म्हणजे सई, शेवटी दोघंही जिंकले. गट तयार आहेत, पण क्रम असा लावलाय की भागाकार करून तुकडे परत काढता येतात.

सुवॉनची_सई
पण ते सरळपणे झालं नाही हं. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत तेच २,३५० गट होते. १.१ मध्ये आणखी भर घालून ते ६,६५६ केले, पण तुकड्यातुकड्यांनी, त्यामुळे क्रम विस्कटलेला. मग १९९६ च्या २.० मध्ये सगळे जुने कोड काढून टाकले आणि ११,१७२ गट एसी०० ते डी७ए३ या नव्या जागी ओळीने बसवले. जुन्या कोडांत लिहिलेला मजकूर एका रात्रीत निरर्थक. त्यानंतर युनिकोडवाल्यांनी कानाला खडा लावला: एकदा दिलेला कोड पुन्हा हलवायचा नाही, काढायचा नाही.

अण्णा_फडके
आपल्या देवनागरीत असले चोचले नाहीत ते बरं. क्ष, ज्ञ, त्र, सगळी जोडाक्षरं हलन्त लावून जुळवायची, तयार गटांना कोडच नाहीत. सरळ हिशेब. श्रीलिपीच्या, म्हणजे युनिकोडआधीच्या फॉन्टच्या दिवसांत हाल झाले ते झाले. माझे जुने लेख त्यातच अडकलेत, ते युनिकोडमध्ये आणायचे आहेत, कुणी सांगेल का?

खडूसकाका
अण्णा, दुसरा धागा. आणि सरळ हिशेब वगैरे नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ घ्या. त्याला स्वतःचा एक कोड आहे, आणि साधा र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असे दोन कोड देऊनही तो लिहिता येतो. दिसायला फरक नाही. एका यादीत 'कऱ्हाडे' एका पद्धतीने आणि दुसरीत दुसऱ्या पद्धतीने आलं की तुमचाही फोटो सापडणार नाही. एनएफसी तिथेही करावंच लागतं. आमच्या सोसायटीच्या मतदारयादीत हे झालंय आणि त्यावरून सर्वसाधारण सभेत वीस मिनिटं भांडण झालंय.

सुवॉनची_सई
हान्जात तर याहून भारी. केएस प्रमाणात चित्राक्षरं उच्चारानुसार लावली, म्हणून एकाच अक्षराचे दोन उच्चार असतील तर ते दोनदा घातलं. संगीत, आनंद या अर्थाचं एक अक्षर आक, नाक, राक आणि यो अशा चार ठिकाणी आहे. असे २६८ जादा कोड युनिकोडला तसेच्या तसे घ्यावे लागले, नाहीतर जुन्या फाइली नेऊन परत आणता आल्या नसत्या.

पेंग्विनभक्त
वाचनखूण साठवली. पण लिनक्सवर कन्व्हएमव्ही नावाचं साधन आहे, ते फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं एका फटक्यात एनएफसी करून देतं. सांगायचं म्हणून सांगतो.

रांजणगावकर
मंडळी, जुळले! डिक्शनरीची युक्ती चालली. फक्त एका साहेबांचा फोटो अजून येत नाही. आता नाव नक्की बरोबर आहे, भाच्याने कोड मोजून पाहिले.

खडूसकाका
फाइलच्या नावातलं टिंबानंतरचं शेपूट काय आहे?

रांजणगावकर
एचईआयसी. बाकी सगळ्यांचं जेपीजी.

खडूसकाका
आयफोनचा फोटो. जेपीजी करून घ्या. याचा कोरियनशी काही संबंध नाही.

मोगरा_फुलला
सगळे इतके हुशार आहात तर माझंही सांगा ना. एका मैत्रिणीने मालिकेची कोरियन सबटायटल्स दिलीत, मराठी करून बघायचीत. फाइलच्या शेवटी एसएमआय आहे. उघडली की तसाच टोपीवाला कचरा. फॉन्ट आहे माझ्याकडे!

सुवॉनची_सई
मोगरा, एसएमआय फाइली कोरियात वर्षानुवर्षं ९४९ मध्येच बनत आल्यात. प्लेयरच्या सबटायटल सेटिंगमध्ये एन्कोडिंग कोरियन कर, दिसतील. भाषांतर करणार असशील तर आधी नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघड, कॅरेक्टर सेट कोरियन निवड, ओळी नीट वाचता येतायत याची खात्री कर आणि मगच यूटीएफ-८ मध्ये रूपांतर कर. रूपांतर आधी केलंस तर वर रांजणगावकरांच्या पहिल्या फाइलचं झालं तेच होईल. आणि मराठी लिहिल्यावर ९४९ मध्ये सेव्ह करू नकोस. त्यात रशियन, ग्रीक, जपानी कानासुद्धा आहेत, देवनागरी नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येईल आणि ते कुणालाच परत आणता येणार नाही.

मोगरा_फुलला
दिसलं!! कुठली मालिका ते विचारा ना कुणीतरी.